लाल धाग्याने बांधलेला ड्राइव्ह

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं शालू मागितला नाही, दागिना मागितला नाही. मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मम्मी, माझं लग्न आबाच लावणार."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. आबा म्हणजे तिचे आजोबा, माझे बाबा. त्यांना जाऊन काही वर्षं लोटली होती.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. मी अशीच बोलते. आमच्या घरात माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात, ही एक सोडून.

"आबांनी मला शब्द दिला होता. 'तुजं लगीन मीच लावनार', किती वेळा म्हणायचे! आणि त्यांची डिस्क आहे ना. पूर्ण विधी त्यांच्या आवाजात आहे. तो लागणार असेल तर मी हॉलमध्ये उभी राहीन. नाहीतर सरळ रजिस्टर करू, सह्या करू, घरी येऊ."

माझी लेक हट्टी आहे. कुणावर गेली ते मला विचारू नका. पण तिचे डोळे भरले होते, ते मला दिसलं. मग मी गॅस बंद केला.

बाबा भिवंडीजवळ शेलारला लूम, म्हणजे कापडाचा माग, चालवायचे. आमच्याकडे कारखाना म्हटलं की पॉवरलूमचाच, दुसरा कसला असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. ड्युटी संपली की अंगावरची रुई झटकायची, आंघोळ करायची, पांढरा सदरा घालायचा, की झाले ते बौद्धाचार्य. शेलारपासून दिघाशीपर्यंत आमच्या समाजातली कितीतरी लग्नं त्यांनी लावली. माझंही त्यांनीच लावलं.

त्यांची एक रीत होती. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. नवरा-नवरी ती ओळ म्हणेपर्यंत डोळे मिटून उभे राहायचे. नवरीचा आवाज तर हमखास अडकतो. इतर आचार्य अशा वेळी पुढे रेटतात, त्यांना पुढचं लग्न गाठायचं असतं. बाबा तीच ओळ परत म्हणायचे आणि परत थांबायचे. हॉलवाला दारात येऊन घड्याळ दाखवायचा, बाबा तिकडे बघायचेच नाहीत.

आणि सगळ्या प्रतिज्ञा झाल्या की शेवटी स्वतःची एक घालायचे. ती कुठल्याही पुस्तकात नाही. "कितीबी राग आला तरी भरल्या ताटावरून उठनार न्हाय." मांडवात हशा पिकायचा. बाबा मात्र गंभीर. "हसू नका," म्हणायचे. "तुटलेला धागा जोडता येतो. पन उपाशी मानसाच्या हातून गाठ बसत न्हाय." माझ्या लग्नात मीसुद्धा ती म्हटली आहे आणि आजवर पाळली आहे. राग येऊन मी भांडी आपटली असतील, पण ताटावरून उठले नाही. आमच्या ह्यांना विचारा.

आता ती डिस्क कुठून आली, ते सांगते. मी दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. तिथे नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुने भंगारात निघाले होते. मी साहेबांना विचारून त्यातला एक उचलला आणि टेम्पोत घालून शेलारला बाबांकडे नेऊन ठेवला, कारण लेक प्रत्येक सुट्टीला तिथेच असायची. बाबांनी त्याला कारखान्यातल्या कापडाचं झाकण शिवून घेतलं. सुरुवातीला ते त्याच्याकडे लांबूनच बघायचे. मग एका दिवाळीच्या सुट्टीत, लेक शाळकरी होती तेव्हा, तिनंच त्यांना माईक लावून आवाज कसा भरायचा ते शिकवलं.

लेकीला तो दिवस लख्ख आठवतो. शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतल्या लूम बंद असतात, नाहीतर शेलारच्या आमच्या घरात एरवी खडखडाट इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. बाबांनी मुद्दाम शुक्रवार धरला. लेकीला म्हणाले, "तू भाईर जा. झालं की हाक मारतो." दार लावून एकटेच बसले. मग हाक मारली, हिनं त्याच कॉम्प्युटरवर ते डिस्कवर चढवून दिलं आणि गेली खेळायला. पोर वय! ऐकलं नाही तिनं त्यातलं काहीच.

बाबा गेल्यावर तो कॉम्प्युटर सुरू होताना रोज कुरकुर करायला लागला. मग गल्लीतला एक उंटावरचा शहाणा आला, व्हायरस आहे म्हणाला, आतलं सगळं पुसून नवं भरून गेला. जाता जाता डिस्कचा ड्राइव्ह मेलाय असंही सांगून गेला. तेव्हा आम्ही सगळे दुःखात, कोण विचारतंय त्या ड्राइव्हला! झाकण घातलं आणि ते तिथेच राहिलं.

लग्न ठरल्यावर आम्ही तिघं, मी, हे आणि लेक, शेलारला आईकडे गेलो. कपाटात डिस्कची डबी सापडली. उघडली तर रिकामी. झालं! मग घर उलटंपालटं केलं. गाद्या झाडल्या, पेट्या उपसल्या, देव्हाऱ्यासारखं जपलेलं बाबांचं कपाट खाली केलं. आई चौकटीत बसून शेंगा सोलत होती. आमचा धिंगाणा तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "त्या मशीनच्या तोंडात बघितली का? तुजा बा रोज लावून ऐकायचा. तेच्यातच असंल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण कळसा काखेत असून हाताला लागेना, ही आणखी गंमत.

झाकण काढलं. रुईचा पापुद्राच उठला, आईला शिंका आल्या. वायर लावली, बटण दाबलं. मला वाटलं होतं धूर निघेल. तर तो सुरू झाला की हो! एवढी वर्षं कुणी विचारलं नाही, पुसलं नाही, आणि बटण दाबल्याबरोबर दिवा लागला, पंखा फिरला, पडदा उजळला. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं. माणूस एवढा रुसून बसला असता तर एका हाकेत उठला नसता.

पण ड्राइव्ह काही उघडेना. समोरचं बटण दाबलं तर आवाज नाही, हिरवा दिवा नाही. पडद्यावर कॉम्प्युटरच्या आत काय काय आहे ते दिसतं ना, तिथे ड्राइव्हचं चित्रच नाही. म्हणजे तो आहे हे कॉम्प्युटरला माहीतच नाही. डोळ्यांसमोर पेटीत बसलाय आणि पेटी म्हणते, छे, असा कुणी इथे राहत नाही.

आमचे हे रिक्षा चालवतात. यंत्र म्हटलं की ह्यांना वाटतं सगळं रिक्षासारखं. बंद करून चालू केलं. परत बंद, परत चालू. मग म्हणाले, "मुळात हा पीसच खराब होता."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "तुम्ही बसा बघू बाजूला."

लेकीनं मोबाईलवर बघून बघून काय काय केलं. इकडची खिडकी उघड, तिकडचं पान उघड, हे काढ, ते परत घाल. दर वेळी नवी आशा आणि दर वेळी तेच. आई म्हणाली, "दोन थापडा द्या, रेडिओ तसाच चालायचा." लेक हसली नाही. ती त्या बंद तोंडाकडे बघत बसली होती. आत डिस्क, डिस्कमध्ये आजोबा, आणि मधे बोटभर प्लास्टिक.

शेवटी भिवंडीत आमच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात, त्यांना फोन लावला. दाढी पांढरी झालेली, बोलणं हळू. मी त्यांना भाईजान म्हणते, ते मला बाजी, म्हणजे ताई. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाजी, उसकी लाइट जलती है?"

"नाही ना."

"तो किसी को कुछ मत छेड़ने देना. जुम्मे को दुकान बंद रहती है, नमाज़ के बाद आता हूँ."

शुक्रवारी ते दुपारी पिशवी घेऊन आले. लूम बंद, सगळं शेलार गप्प. आईनं चहा टाकला. त्यांनी आधी कॉम्प्युटरला हातही लावला नाही, नुसते त्याच्या तोंडाकडे बघत बसले. मग आईला म्हणाले, "अम्मा, मोटी सुई होगी?"

आईनं गोधडी शिवायची सुई आणून दिली. ड्राइव्हच्या तोंडावर खाली एक बारीक भोक असतं. मी आयुष्यभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसले, ते भोक कधी बघितलं नव्हतं. भाईजाननी सुई त्यात सरळ घातली आणि हलकेच दाबली. कुठेतरी आत टक् झालं. तोंड नखभर उघडलं. बाकीचं त्यांनी बोटानं ओढून काढलं, आणि त्यात ती होती, बाबांची डिस्क! एवढी वर्षं अंधारात पडलेली, तरी उजेड पडल्याबरोबर तिच्यावर सगळे रंग नाचायला लागले. आई नुसती बघतच राहिली. "येवढीशी तर हाय," म्हणाली.

भाईजाननी आपल्या पिशवीतला लॅपटॉप काढला, त्याला बाहेरून जोडायचा नवा ड्राइव्ह लावला आणि डिस्क आत सरकवली. ती फिरली. घरघरली. थांबली. पडद्यावर आलं की डिस्क कोरी आहे.

कोरी! लेक उठून पडवीत गेली. मी तिच्या मागे गेले नाही, कारण गेले असते तर मीच आधी रडले असते. आई म्हणाली, "कोरी कशी असंल? तो ऐकायचा ना रोज. मी काय येडी हाय?"

भाईजाननी डिस्क बाहेर काढली, दारात गेले आणि उन्हात तिरकी धरली. मला जवळ बोलावलं. "ये देखो बाजी."

खालच्या बाजूला, मधल्या भोकाभोवती, एक पट्टा बाकीच्या डिस्कपेक्षा जरा गडद होता. नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही एवढाच फरक. म्हणाले, लिहिलेला भाग असा दिसतो, बाहेरचा सगळा कोरा. मी बघतच राहिले. तो गडद पट्टा म्हणजे बाबा होते. बोटाच्या पेरापेक्षा अरुंद, आणि त्यात त्यांचा सगळा आवाज! माणसानं हे केलं तरी कसं? ज्यानं पहिल्यांदा केलं असेल त्याला स्वतःला तरी खरं वाटलं असेल का? मला त्या उन्हात अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत.

"कोरी नहीं है," ते म्हणाले. "किसने बनाई थी?"

"मी," पडवीतून लेकीचा आवाज आला. "ह्याच कॉम्प्युटरवर."

"बेटा, बंद नहीं की होगी तुमने." मग त्यांनी समजावलं. डिस्क लिहून झाली की शेवटी एकदा पक्की बंद करावी लागते. नाही केली तर दुसरे ड्राइव्ह तिला ओळखत नाहीत, बहुतेक वेळा ज्यानं लिहिली तोच वाचतो. "समझो कपड़ा बुन गया, पर लूम से काटा नहीं. तो जिस लूम पर है, उसी पर मिलेगा."

भिवंडीच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे. म्हणजे आता दुसरा कुठलाच ड्राइव्ह कामाचा नव्हता. हाच जुना, मेलेला म्हणून सोडलेला, जिवंत व्हायला हवा होता. नाहीतर आवाज डोळ्यांना दिसणार आणि कानांना कधीच ऐकू येणार नाही. लेक आत येऊन आईच्या शेजारी बसली. तिनं आईचा हात धरला होता.

भाईजाननी पेटीचे स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा उचलला. आत रुईच रुई. त्यांनी मऊ ब्रशनं ती अलगद काढली. रुईखालून हिरव्या पट्ट्या, चकाकणारे ठिपके, वायरींचे झुबके दिसायला लागले. मी पहिल्यांदाच कॉम्प्युटरचं पोट बघत होते. आणि मग ते एकदम थांबले.

"या अल्लाह," हळूच म्हणाले. "ये किसने किया?"

ड्राइव्हला दोन वायरी लागतात. एक रुंद चपटी, पट्ट्यासारखी, आणि एक वीज आणणारी. दोन्ही ड्राइव्हमधून काढलेल्या होत्या. तुटल्या नव्हत्या, सुटल्याही नव्हत्या. नीट घड्या घालून बाजूच्या पत्र्याला लाल धाग्यानं बांधून ठेवल्या होत्या. गाठ बारीक, घट्ट, आणि तिची टोकं अगदी जवळून कापलेली.

ती गाठ मी लहानपणापासून बघत आले होते. लूमवर धागा तुटला की बाबा डोळ्याचं पातं लवायच्या आत ती मारायचे. घरातही सगळीकडे तीच, चपलेच्या पट्ट्याला तीच, माझ्या रिबिनीला तीच. मी ती दोन बोटांनी चाचपली.

भाईजान म्हणाले, "लूमवाले थे?" मी मान हलवली. त्यांचेही वडील लूमवरच होते. मग आम्हा दोघांना एकाच वेळी उमगलं. कारखान्यात लूममध्ये बिघाड झाला आणि ती दुरुस्त करणारा, त्याला आम्ही जॉबर म्हणतो, तो हजर नसला, तर कामगार तिचा मोटरवरचा पट्टा उतरवतो आणि लाल धाग्यानं तिथेच बांधून ठेवतो. म्हणजे कुणी चुकून चालू करू नये आणि आतलं कापड फाटू नये. लाल धागा दिसला की त्या लूमला कुणी हात लावत नाही. तो धागा जॉबरनंच सोडायचा.

आई म्हणाली, "हां हां, आठवलं! आतून खरखर वाजायला लागलं हुतं. तो म्हनाला, चकती घासंल, पोरीची हाय. मंग पान्हे घेऊन बसला हुता एक दिस. मी इचारलं तर म्हनाला, बांधून ठेवलाय, कोन जानकार आला की सोडंल." तिनं भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघितलं. "मंग आजारीच पडला."

देवा! म्हणजे ड्राइव्ह कधी मेलाच नव्हता. बाबांनी त्याचा पट्टा उतरवला होता! कॉम्प्युटरला तो दिसत नव्हता, कारण माझ्या बापानं लूमचा नियम कॉम्प्युटरला लावला होता. दुसऱ्या कुठल्या गावात हे कुणाला सुचलं असतं? त्या शहाण्यानं पत्रा काढून बघितलं असतं तर त्यालाही दिसलं असतं. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, दोन्ही मिळून भलतंच काहीतरी तोंडावर आलं असावं, कारण हे म्हणाले, "पाणी देऊ का?"

मी कात्री आणायला उठले. भाईजाननी हातानं थांबवलं. खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "इजाज़त है, चचा?" मग स्वतःच्या पिशवीतली कात्री काढून गाठीच्या शेजारी धागा कापला, गाठ न तोडता, आणि तो लाल तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. आईनं मूठ मिटली. मी त्या माणसाकडे बघत राहिले. एवढी वर्षं बाबा ज्याची वाट बघत होते तो जॉबर आला होता आणि आमच्या जमिनीवर मांडी घालून बसला होता.

त्यांनी ड्राइव्ह उघडून आतली रुई काढली. खरखर त्याचीच होती, फिरणाऱ्या चाकाखाली गोळा होऊन बसली होती. आत एक काचेचा मणी होता, मसुरीएवढा. तो त्यांनी कापसानं पुसला. म्हणाले, यातून उजेड निघतो आणि डिस्क वाचतो. उजेड वाचतो! मी ते वाक्य दोनदा बोलायला लावलं.

वायरी जोडल्या, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला! लेक टाळी वाजवणार तोच पडद्यावर बघितलं, तर ड्राइव्ह अजूनही नाही. दुष्काळात तेरावा महिना. भाईजान मात्र शांत. पुन्हा बंद करून सुरू करताना त्यांनी एक बटण धरून ठेवलं, तर निळं पान उघडलं. त्यात ड्राइव्हच्या जागेपुढे 'नाही' अशा अर्थाचा शब्द होता. वायरी काढल्यामुळे कॉम्प्युटर रोज कुरकुरायचा ना, ती कुरकुर थांबवायला त्या शहाण्यानं इथे येऊन सांगून ठेवलं होतं की ड्राइव्ह नाहीच असं समज. बिचाऱ्यानं तसं समजलं. भाईजाननी तो शब्द बदलला, म्हणजे आता तुझं तू शोध. कॉम्प्युटर परत सुरू झाला.

"आला!" लेक ओरडली. "मम्मी, आला!"

चित्र आलं होतं. डिस्क आत गेली. घुर्र करून फिरायला लागली, अजिबात खरखर नाही. आईनं पदर सावरला, जणू कुणी मोठं माणूस घरात येतंय.

आणि बाबा बोलले.

पहिल्यांदा नुसतं खाकरणं. तेच, ड्युटीवरून आल्यावर दारात यायचं ते. मग त्रिसरण, पंचशील, सावकाश, खर्जात. आई हात जोडून डोळे मिटून बसली. मी त्या डबड्याकडे बघत होते आणि मला खरंच कळत नव्हतं की आपण कुठे आहोत. आवाजाला मरण नसतं का? मग इतके दिवस तो कुठे होता? मधेच लांबून एका बाईचा आवाज आला, "अवो, च्या थंड होतोय!" आणि बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "थांब गं." आई दचकली. "अगंबया, ही तर मी!" भाईजानसकट सगळे हसलो.

मग प्रतिज्ञा आल्या. बाबा एक ओळ म्हणाले आणि आवाज बंद झाला. काहीच नाही. बाहेर शुक्रवारची शांतता आणि आतही शांतता. मी भाईजानकडे बघितलं, ते वायरींकडे वाकले. "अटक गई क्या?" तेवढ्यात बाबांची पुढची ओळ आली. आणि परत सगळं बंद. हे म्हणाले, "डिस्क खराब झाली बहुतेक." 

"गप्प बसा," मी म्हटलं. "त्यात श्वास ऐकू येतोय."

लेकीला माझ्याआधी कळलं. ती उठून उभी राहिली, लग्नात राहतात तशी, हात जोडून. पुढची ओळ आली, बाबा थांबले, आणि त्या रिकाम्या जागेत हिनं ती ओळ म्हटली. हिची संपली आणि त्यांची पुढची सुरू झाली. परत ते थांबले, परत हिनं म्हटली. एक श्वासही जास्त नाही, कमी नाही. डिस्क अडकत नव्हती. बाबा डोळे मिटून थांबत होते. एका बंद खोलीत, शाळकरी नातीला बाहेर काढून, ते तिच्या लग्नात उभे राहिले होते, आणि ती जिथे जिथे बोलणार होती तिथे त्यांनी तिला जागा ठेवली होती.

शेवटी ती प्रतिज्ञा आली. "कितीबी राग आला तरी," बाबा म्हणाले, "भरल्या ताटावरून उठनार न्हाय."

आणि थांबले.

लेकीनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी मनात म्हणत होते, बोल गं, बोल, ते पुढे जातील, तो काय माणूस आहे थांबायला, ती डिस्क आहे! जागा संपत आली. संपली.

"रडू आलं ना?" डिस्कमधून बाबा म्हणाले. "येऊ दे, बाय. नवरीला येतंच. मी परत सांगतो."

आणि त्यांनी ती ओळ परत म्हटली आणि थांबले. ह्या वेळी लेकीनं ती पूर्ण म्हटली.